पुन्हा केव्हा?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नकारच दिला होता. नोकरीत संगणकासाठी आज्ञावल्या, म्हणजे प्रोग्रॅम, लिहिण्यात माझी पुष्कळ वर्षे गेली. पण त्या विषयावर वर्धापनदिनी बोलणे म्हणजे लग्नघरी व्याकरण सांगण्यासारखे. त्यावर बाई म्हणाल्या, "व्याकरण नको. त्या रक्तदाबाच्या आठवणीचे काय झाले, तेवढे सांग. निम्म्या जणींना अर्धेच ठाऊक आहे." ते खरे होते. उरलेले अर्धे माझ्या चुकीचे आहे, आणि तेच सांगायला मी उभी आहे.

संगणकाला एखादे काम पुन्हा पुन्हा करायला सांगणे सोपे वाटते. अवघड प्रश्न एकच असतो : पुन्हा केव्हा? हा प्रश्न आपल्याला नवा नाही. घरातली निम्मी कामे पुन्हा पुन्हा करावयाचीच असतात. मात्र ती सगळी एका जातीची नसतात. मला त्यांच्या तीन जाती दिसतात.

पहिली जात दुधाच्या रतिबाची. पहाटे सहा म्हणजे सहा. काल दूध नासले की चांगले निघाले, याच्याशी उद्याच्या सहाचा संबंध नाही. दुसरी जात पंचांगाची. संकष्टी दर महिन्याला येते, पण कधी एकोणतीस दिवसांनी, कधी तीस दिवसांनी. अधिक मास तर कधी अधिक श्रावण असतो, जसा २०२३ साली, आणि कधी अधिक ज्येष्ठ, जसा २०२६ साली. येथे अंतर बदलते, पण ते आधी मांडून ठेवता येते. तिसरी जात चुलीवरच्या दुधाची. पातेले नुकते ठेवले असेल तर आपण खुशाल भाजी निवडायला बसतो. कडेला बुडबुडे दिसू लागले की दर मिनिटाला मान वळते, आणि साय वर उचलली की तिथून हलत नाही. पुन्हा केव्हा पाहावयाचे, हे आत्ता काय दिसले त्यावर ठरते. हे कोणत्याही कोष्टकात लिहून ठेवता येत नाही.

पहिल्या जातीच्या कामासाठी संगणकात फार जुनी सोय आहे. तिचे नाव 'क्रॉन'. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळांतून १९७९ साली बाहेर पडलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ती होती, आणि तिचे वंशज आजही जगभरच्या संगणकांत काम करीत आहेत. हा क्रॉन रात्रीच्या गुरख्यासारखा आहे. दर मिनिटाला जागा होतो, आपली वही उघडतो, या मिनिटाचे काही काम आहे का ते पाहतो, आणि असेल तर ते सुरू करून देतो. वहीत पाच रकाने असतात : मिनिट, तास, महिन्याची तारीख, महिना आणि वार. "दर सोमवारी सकाळी आठ वाजता" असे त्यात चटकन लिहिता येते.

पण या गुरख्याला फक्त घड्याळ आणि दिनदर्शिका वाचता येते. अंतर मोजता येत नाही. "दर सात मिनिटांनी" असे त्याच्या मिनिटाच्या रकान्यात लिहा. तो शून्य, सात, चौदा असे करीत छप्पन्नाव्या मिनिटाला येतो आणि पुढचा तास लागला की पुन्हा शून्यापासून सुरू करतो. म्हणजे दर तासाला एकदा सात मिनिटांऐवजी चारच मिनिटांचे अंतर पडते. "दर महिन्याच्या ३१ तारखेला" असे लिहा. काम वर्षातून सातच वेळा होईल आणि उरलेल्या पाच महिन्यांत गुरखा निवांत झोपेल. त्याचा दोष नाही. सांगितले ते त्याने केले.

दुसऱ्या जातीतही एक खोच आहे. बाळाला पेंटाव्हॅलंट लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची झाल्यावर देतात, हे येथल्या आयांना पाठ आहे. आता समजा, बाळ आजारी पडले आणि दुसरी मात्रा दहाव्याऐवजी तेराव्या आठवड्यात दिली. मग तिसरी कार्डावर लिहिल्याप्रमाणे चौदाव्या आठवड्यात द्यावयाची का? नाही. दोन मात्रांमध्ये किमान चार आठवडे गेले पाहिजेत. म्हणून ती सतराव्या आठवड्यात. अंतर कार्डावरच्या तारखेपासून धरावयाचे नसते, प्रत्यक्ष काम झाले त्या दिवसापासून धरावयाचे असते.

हाच भेद प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला पावलोपावली सांभाळावा लागतो. वेबपानांसाठी जी जावास्क्रिप्ट नावाची भाषा वापरतात, तिच्यात यासाठी दोन वेगळ्या आज्ञा आहेत. एकीचे नाव 'सेट-इंटरव्हल'. तिला दोन मिनिटे सांगितली की ती दर दोन मिनिटांनी हाक मारीत सुटते. आधीचे काम उरकले की नाही, हे विचारीत नाही. दुसरी 'सेट-टाइमआउट'. ती एकदाच हाक मारते आणि गप्प बसते. काम झाल्यावर पुढची हाक आपणच नव्याने ठरवावयाची.

भाकऱ्या करताना पाहा. घड्याळ समोर ठेवून दर दोन मिनिटांनी तव्यावर नवी भाकरी टाकायची असे ठरवले, तर चार भाकऱ्या ठीक होतील. पाचवीच्या वेळी गॅस मंद झाला की सहावी तिच्या उरावर पडेल. शहाणी बाई तव्यावरची उतरली की दुसरी टाकते. आज्ञावलीतही ज्या कामाला कधी एक क्षण, कधी दहा क्षण लागतात, ते घड्याळाच्या हाकेवर चालवले तर एक विचारणा परत आली नसताना दुसरी निघते, तिच्यामागे तिसरी, आणि शेवटी कामांचा ढीग साचतो. म्हणून अंतर बदलते असेल तेथे नियम असा की, प्रत्येक फेरीने जाताना पुढच्या फेरीची वेळ ठरवून जावे. हा नियम मी नव्या मुलामुलींना वर्षानुवर्षे शिकवला आणि मीच त्यात ठेचकाळले.

आता आपल्या मंडळाची गोष्ट. आपल्यातल्या तेवीस वडीलधाऱ्या भगिनींनी घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र घेतले. रोज मोजायचे म्हटले की आठ दिवसांत कंटाळा येतो, आणि मोजायचेच नाही म्हटले तर डॉक्टर रागावतात. तेव्हा डॉक्टरांना विचारून मी एक लहानशी आज्ञावली लिहिली. ती फोनवर निरोप पाठवी, "आज रक्तदाब मोजून आकडा कळवावा." आकडा डॉक्टरांनी घालून दिलेल्या मर्यादेत आला, तर पुढचा निरोप दोन दिवसांनी. पुन्हा चांगला आला, तर चार दिवसांनी, मग आठ, मग चौदा. चौदाच्या पुढे जायचे नाही. आकडा मर्यादेबाहेर गेला, तर पुन्हा पहिल्यापासून : दुसऱ्याच दिवशी निरोप, आणि घरच्यांना कळवणे.

ही युक्ती माझी नव्हे. १८८५ साली हेरमान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने पाठ केलेली अक्षरे किती दिवसांत विसरतात, याचे प्रयोग स्वतःवरच करून प्रसिद्ध केले. पाठांतराची उजळणी वाढत्या अंतराने करावी, ही कल्पना पुढे रुजली, आणि सेबास्टियन लाइटनरने १९७२ साली आपल्या पुस्तकात त्यासाठी खणांची पेटी सुचवली. प्रश्नाची चिठ्ठी बरोबर आली की पुढच्या खणात, चुकली की परत पहिल्या खणात. आणि पुढचा खण अधिक दिवसांनी उघडायचा. पोलंडमधल्या प्योत्र वोझ्न्याक याने १९८७ साली हे संगणकावर बसवले. त्याच्या रीतीत पहिली उजळणी एका दिवसाने, दुसरी सहा दिवसांनी, आणि त्यानंतर प्रत्येक अंतर आधीच्या सुमारे अडीचपट, तेही धडा सोपा की अवघड यावर कमीजास्त होणारे. विसरलात की पुन्हा एक दिवस. आपल्याकडच्या गुरुजींनी पाढे असेच घोटून घेतले. पेटी तेवढी नव्हती.

तुमच्या संगणकातले घड्याळही याच रीतीने चालते. ते बरोबर आहे ना, हे दूरच्या अचूक घड्याळाला विचारण्याचा जो संकेत डेव्हिड मिल्स याने १९८५ च्या सुमारास घालून दिला, त्यात सामान्यतः आधी दर ६४ सेकंदांनी विचारणा होते. घड्याळ नीट लागले आहे असे दिसले, की अंतर दुप्पट दुप्पट होत १०२४ सेकंदांपर्यंत जाते. विश्वास बसला की चौकशी विरळ करावी, इतकी साधी ही गोष्ट आहे.

पण निरोप गेला आणि उत्तरच आले नाही तर? तेथेही अंतर वाढवायचे, मात्र अगदी उलट्या कारणासाठी. पहिल्या प्रसंगी यश येते म्हणून अंतर वाढवायचे. या प्रसंगी अपयश येते म्हणून. ही रीत हवाई बेटांवरून आली. १९७१ साली तेथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या बेटांवरची यंत्रे रेडिओने मुख्य संगणकाला जोडली. सगळ्यांना बोलायला वाट एकच. दोन यंत्रे एकदम बोलली की दोघांचेही शब्द वाया जात. दोघांनीही ठरावीक वेळ थांबून पुन्हा बोलायचे म्हटले, तर पुन्हा एकदमच बोलणार! दारात समोरासमोर आलेल्या दोन पाहुण्यांचे "आधी तुम्ही, आधी तुम्ही" होते ना, तसे. तेव्हा तोड अशी काढली की, पोच मिळाली नाही तर प्रत्येकाने चिठ्ठी उचलल्याप्रमाणे आपापली मनाला येईल तेवढी वेळ थांबावे.

१९७३ साली रॉबर्ट मेटकाफने त्यावरून 'ईथरनेट'ची कल्पना मांडली. पुढे त्याच्या नियमांत असे ठरले की पहिली टक्कर झाली तर थांबण्याची मुदत दोन घरांतून निवडावी, दुसरी झाली तर चार घरांतून, तिसरी झाली तर आठ. दहाव्या टकरीपर्यंत घरे दुप्पट होत जातात. सोळा प्रयत्न फसले की यंत्र हात टेकते आणि वरच्याला तसे कळवते. हे शेवटचे मला फार आवडते. प्रयत्न किती करायचे याला सीमा हवी, आणि सीमा संपल्यावर कोणाला सांगायचे, हेही ठरलेले हवे.

ही सबुरी नसली तर काय होते, त्याचा दाखला १९८६ च्या ऑक्टोबरात मिळाला. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कलेचे विद्यापीठ यांच्यात अवघे चारशे यार्डांचे अंतर. त्यांना जोडणाऱ्या तारेतून एरवी सेकंदाला ३२,००० बिट जात. ते प्रमाण एकाएकी ४० बिटांवर आले. तार तुटली नव्हती. पोच यायला उशीर होतो असे पाहून यंत्रे तोच मजकूर घाईने पुन्हा पाठवीत होती, त्याने वाट आणखी तुंबत होती, आणि तुंबली म्हणून ती आणखी पाठवीत होती. व्हॅन जेकबसन याने १९८८ साली त्याची कारणमीमांसा आणि उपाय प्रसिद्ध केले. सारांश असा की, उत्तर येत नसेल तर आवाज वाढवू नये, उसंत वाढवावी. आणि पोच यायला किती वेळ लागतो, हे रोजच्या अनुभवावरून नव्याने मोजीत राहावे.

त्याप्रमाणे आमची आज्ञावली उत्तर न आल्यास अर्ध्या तासाने पुन्हा विचारी, मग एका तासाने, मग दोन तासांनी. त्यानंतर यंत्राने विचारायचे नाही, शेजारच्या भगिनीला फोन जायचा, "जरा डोकावून पाहता का?" सोळा वेळा वाट पाहायला आपण काही तारा नव्हे.

आणखी एक लहान गोष्ट. सकाळी आठच्या ठोक्याला तेवीसही निरोप निघाले, तर मोजून झाल्यावर तेवीस जणी एकदम उत्तरे पाठवणार, आणि ज्यांना शंका आहे त्या सगळ्या एकदम मलाच फोन करणार. गेलेली वीज परत आली की इमारतीतले सगळे पंप, फ्रीज आणि पंखे एकाच क्षणी वीज ओढतात, तसा प्रकार. मोठमोठ्या यंत्रणाही अशा एकाच वेळच्या गर्दीने कोसळतात. म्हणून मी प्रत्येकीच्या वेळेत चारदोन मिनिटे मुद्दाम इकडेतिकडे केली. आमच्या व्यवसायात याला 'जिटर' म्हणतात. नळावर पाळ्या लावून दिल्या की भांडणे कमी होतात, हे आपल्या वाडवडिलांना जिटर हा शब्द न ऐकताही ठाऊक होते.

एवढी काळजी घेतली होती. आता चूक सांगते.

आपल्या मंडळातल्या एक मावशी. त्या समोरच बसल्या आहेत, आणि त्यांना विचारूनच हे सांगते आहे. एकट्या राहतात. त्यांचे आकडे इतके चांगले येत की दोन, चार, आठ करीत त्यांचे अंतर चौदा दिवसांवर गेले होते. चौदाव्या दिवशी सकाळी आज्ञावलीने त्यांचे नाव हाती घेतले. माझा क्रम असा होता : वहीतली आजची तारीख खोडायची, निरोप पाठवायचा, उत्तराची वाट पाहायची, आकडा लिहायचा आणि सर्वांत शेवटी पुढची तारीख घालायची. त्या सकाळी निरोप पोचवणारी सेवा काही मिनिटे बंद पडली. निरोप गेला नाही. आज्ञावली तेथेच अडखळली आणि मावशींचे काम अर्धवट टाकून पुढच्या नावाकडे वळली. जुनी तारीख खोडलेली, नवी घातलेली नाही. यंत्राच्या लेखी मावशींकडे पुन्हा कधी जायचेच नव्हते.

आणि हे कोणाच्याच लक्षात आले नाही. ना माझ्या, ना त्यांच्या. का आले नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. रोजचा दूधवाला एक दिवस आला नाही, तर सातच्या आत सगळ्या इमारतीला कळते. पण जो कधी दोन दिवसांनी, कधी आठ, कधी चौदा दिवसांनी येतो, तो आला नाही तर त्याची चुकामूक ध्यानात यायची कशी? नियमित कामाचा खंड डोळ्यांत भरतो. बदलत्या अंतराच्या कामाचा खंड हा खंड वाटतच नाही; सगळे ठीक चालले आहे म्हणूनच शांतता आहे, असे वाटते. आमच्या यंत्रात तर अंतर जितके मोठे, तितकी प्रकृती चांगली, असा अर्थ आम्हीच लावून ठेवला होता. मावशींना वाटले, आपली प्रकृती आता इतकी सुधारली की यंत्रही विचारीनासे झाले.

गुरुवारच्या भजनाला भेटल्या तेव्हा त्या थट्टेने म्हणाल्या, "काय गं, तुझे यंत्र माझ्यावर रुसले की काय? बरेच दिवसांत निरोप नाही." मी हसून काहीतरी उत्तर दिले. घरी जाता जाता ते वाक्य मनात टोचू लागले. घरी जाऊन वही उघडली. शेवटचा आकडा ४१ दिवसांपूर्वीचा! पायांत चपला तशाच सरकवून मी त्यांच्याकडे गेले. यंत्र लावले. वरचा आकडा १७८, खालचा १०४. दहा मिनिटे त्यांना शांत बसवून पुन्हा मोजला, फरक नव्हता. "डोके जरा जड असते हल्ली," त्या म्हणाल्या, "म्हटले, उन्हाने असेल."

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी पाहिले, गोळी बदलून दिली, आणि मावशी आज ठणठणीत आहेत. पण त्यांनी ती थट्टा केली नसती तर? ज्या यंत्राच्या भरवशावर त्यांनी आपणहून मोजणे सोडले, ते मी दिलेले होते. हे ओझे मला त्या रात्री झोपू देईना. सेवा बंद पडली म्हणून असे झाले, असे म्हणून मला सुटता आले असते. परंतु सेवा कधीतरी बंद पडणार, वीज कधीतरी जाणार, हे आज्ञावली लिहिणाऱ्याने धरूनच चालायचे असते. चूक क्रमाची होती आणि क्रम माझा होता.

दुसऱ्या दिवशी मी दोन दुरुस्त्या केल्या.

पहिली : पुढची तारीख कामाच्या शेवटी घालायची नाही, कामाला हात लावण्याआधी घालायची. नाव हाती घेतले की सर्वांत आधी वहीत 'उद्या' असे लिहायचे. काम नीट पार पडले, आकडा आला, की मग तो 'उद्या' खोडून आठ दिवस किंवा चौदा दिवस लिहायचे. मध्येच काही बिघडले, तर उद्याची तारीख शाबूत राहते आणि यंत्र उद्या पुन्हा दार ठोठावते. यात एक धोका आहे, तोही सांगितला पाहिजे. काम पुरे झाले आणि तारीख पुढे ढकलण्यापूर्वीच वीज गेली, तर तेच काम दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांदा होईल. रक्तदाब दोनदा मोजल्याने काही बिघडत नाही, म्हणून येथे हे चालते. पण यंत्र गोळीच देत असते, किंवा कोणाच्या खात्यातून पैसे काढीत असते, तर ही दुरुस्ती चुकीपेक्षा भयंकर ठरली असती. म्हणून आधी विचारावे : हे काम चुकून दोनदा झाले तर चालेल का? चालत नसेल, तर झालेल्या कामाची खूण आधी तपासून मगच ते करावे.

दुसरी दुरुस्ती मला अधिक महत्त्वाची वाटते. बदलत्या वेळेच्या कामावर मी एक न बदलणारा पहारेकरी बसवला. आधी ज्याला मी नावे ठेवली, तोच जुना गुरखा, क्रॉन! रोज संध्याकाळी सात वाजता तो तेवीसही नावांवरून बोट फिरवतो आणि एकच गोष्ट पाहतो : कोणाची पुढची तारीख कोरी आहे का, किंवा उलटून गेली आहे का? असेल तर मला कळवतो. त्याला रक्तदाबातले काही कळत नाही आणि कळायची गरजही नाही.

पण पहारेकरीच झोपला तर? म्हणून त्याने काही सापडले नाही तरी रोज चिटणीसबाईंना एक ओळ पाठवायची : "तेवीस नावे पाहिली, सर्व तारखा जागेवर." त्या ओळीत वाचण्यासारखे काही नाही. परंतु सव्वासातपर्यंत ती आली नाही, की बाई मला फोन करतात. एकदा माझ्या घरचा संगणक बंद पडला होता, तेव्हा तसा फोन आलाही. काही घडले तरच बोलणारा पहारेकरी आणि मेलेला पहारेकरी बाहेरून सारखेच दिसतात. रोज "मी जागा आहे" म्हणणाऱ्याची शांतता मात्र लगेच ऐकू येते.

मावशींसाठी एक तिसरी दुरुस्ती झाली, ती मी केलेली नाही. त्यांच्या शेजारच्या भगिनी आता रोज सकाळी फुले घ्यायला त्यांच्या दारी जातात. फुलांची तशी गरज नसते, हे दोघींनाही ठाऊक आहे. या कामाची वेळ कोणत्याही यंत्राने ठरवलेली नाही, आणि त्यात आजवर खंड पडलेला नाही.

भगिनींनो, आपल्या मंडळाचेही कितीतरी काम बदलत्या अंतराचे असते. आजारी भगिनीची विचारपूस, गावी गेलेल्या सभासदाची चौकशी, परीक्षेत नापास झालेल्या मुलीच्या घरी एक फेरी. या कामांना वार नाही, तारीख नाही. म्हणूनच ती राहून गेली तर कोणाला दिसत नाहीत. करणाऱ्याला वाटते दुसरीने केले असेल, आणि जिच्यासाठी करायचे तिला वाटते, आपल्याला विसरले. तेव्हा माझी एक सूचना आहे. चिटणीसबाईंच्या वहीत अशा प्रत्येक नावापुढे 'पुन्हा केव्हा' असा एक रकाना असावा. भेट घेऊन आलेल्या भगिनीने चहा घेण्याआधी तो भरावा. आणि दर महिन्याच्या सभेत, काही विशेष असो वा नसो, कोणीतरी एकीने त्या रकान्यावरून बोट फिरवून कोरी जागा कोठे आहे, ते मोठ्याने वाचून दाखवावे.

यंत्राला मी ही शिस्त लावली, ती चुकल्यावर लावली. आपल्याला ती न चुकता लावून घेता येईल.

माझे भाषण लांबले. बटाटेवडे गार होत आहेत, आणि त्यांच्याकडे पुन्हा केव्हा वळायचे, हे वासावरून ठरवण्याइतके शहाणपण आपल्या सर्वांनाच आहे.